नकाशाची मर्यादा आणि सामायिक पत्ता

इंटरनेटवरील नकाशे फुकट असतात, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. नकाशा पाहणाऱ्यास पैसे पडत नाहीत. परंतु जो आपल्या संकेतस्थळावर तो दाखवितो, त्याच्या प्रत्येक विचारणेची कोठेतरी मोजदाद होत असते. ही मोजदाद कशी होते, एवढेच आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

तुर्भ्याचेच उदाहरण घेऊ. मुंबईचे कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, मसाले व धान्य यांचे घाऊक बाजार आता या परिसरात आहेत. समजा, येथील एका आडत्याने पेढीचे संकेतस्थळ काढले आणि गिऱ्हाइकांचे पत्ते नकाशावर उमटविण्याची सोय केली. स्वतंत्र सर्व्हर परवडेना, म्हणून सामायिक सर्व्हरवर थोड्या भाड्याने जागा घेतली. एके सकाळी नकाशा कोरा! 'मर्यादा संपली' एवढेच उत्तर. वास्तविक त्याने पंचवीसच पत्ते विचारलेले. मग मर्यादा संपविली कोणी?

त्याचे असे आहे. सामायिक सर्व्हर ही एक चाळच समजावी. बिऱ्हाडे शेकडो, पण रस्त्यावरचे दार एक. त्या दाराचा क्रमांक म्हणजे आयपी पत्ता. पलीकडे बसलेला मोजणीदार बिऱ्हाडे ओळखत नाही, दार ओळखतो. एका भाडेकरूने हजारो प्रश्न विचारले की सर्वांचीच वाट बंद होते. गूगलची पत्ते शोधून देणारी सेवा एके काळी किल्लीवाचून एका आयपी पत्त्यास दिवसाला २,५०० विचारणा देत असे. तेथे ही अडचण नित्याची होती. जुलै २०१८ पासून गूगलने प्रत्येकास स्वतःची किल्ली व बिलाचे खाते सक्तीचे केले आणि हिशेब किल्लीवर आला. म्हणजे शेजाऱ्याचा जाच कमी झाला, पण खर्चाची जबाबदारी आली. २००४ साली सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपची नॉमिनॅटिम ही शोधसेवा किल्ली मागत नाही. मात्र सेकंदाला एकाहून अधिक विचारणा करू नये आणि विचारणाऱ्याने आपली ओळख द्यावी, असा तिचा नियम आहे.

यावर उपाय काय? पहिला, एकदा विचारलेले पुन्हा विचारू नये. आडत्याची गिऱ्हाइके रोज बदलत नाहीत. मिळालेले अक्षांश-रेखांश जपून ठेवावेत. नॉमिनॅटिमची तशी अपेक्षाच आहे. गूगल मात्र ते तीस दिवसांपर्यंतच ठेवू देते; स्थळाचा ओळख-क्रमांक तेवढा कायम ठेवता येतो.

दुसरा, पत्ता नीट लिहावा. नवी मुंबईत सेक्टरांचे क्रमांक प्रत्येक उपनगरात पुन्हा एकपासून सुरू होतात. नुसते 'सेक्टर १०' म्हटले तर ते वाशीचे, नेरूळचे की ऐरोलीचे? अपुऱ्या पत्त्यापायी एका कामास चार विचारणा खर्ची पडतात.

तिसरा, नकार आला तर दार बडवीत बसू नये. '४२९' हा आकडा आला म्हणजे विचारणा फार झाल्या असे समजावे. थोडे थांबावे, पुन्हा नकार आल्यास दुप्पट थांबावे.

चौथा, किल्ली सांभाळावी. वाचकाच्या ब्राउझरमध्ये जाणाऱ्या किल्लीस आपल्या संकेतस्थळाच्या नावाचे बंधन घालावे. सर्व्हरवरील किल्लीस आयपी पत्त्याचे बंधन घालता येते. पण सामायिक दारातून शेजारीही ये-जा करीत असल्याने ती त्यांच्या हाती पडणार नाही, हे पाहावे.

मर्यादा म्हणजे कंजूषपणा, असे कोणी समजू नये. ओपनस्ट्रीटमॅपचे सर्व्हर देणग्यांवर आणि स्वयंसेवकांच्या श्रमांवर चालतात. तेथे एकाने उधळपट्टी केली की दुसऱ्याची गैरसोय होते. ज्यांना अधिक हवे त्यांना मार्ग मोकळा आहे. त्या नकाशाची माहिती श्रेयनिर्देश करून कोणासही उतरवून घेता येते आणि नॉमिनॅटिमची प्रणालीही खुली आहे. बाजारातील पाचपन्नास पेढ्यांनी वर्गणी काढून आपल्या भागापुरती स्वतःची शोधसेवा उभारली, तर मर्यादा त्यांची त्यांनीच ठरवावयाची. शिवाय बाजारातील जी गल्ली नकाशात नाही ती भरण्याचा अधिकार कोणासही आहे. त्यासाठी फारसा खर्च नाही. फक्त गल्ली माहीत असलेला माणूस हवा, आणि तशी माणसे तुर्भ्यात पुष्कळ आहेत.