उताऱ्याखालचे प्रश्न आणि मुलांचे आकलन

मराठी लिपी वाचणाऱ्याशी मोठ्या इमानाने वागते. मुळाक्षरे, बाराखडी आणि जोडाक्षरे यांचा सराव एकदा पक्का झाला, की तिसरी-चौथीच्या वर्गातील मूल पूर्वी कधीही न पाहिलेला शब्दसुद्धा बहुधा बिनचूक उच्चारते. आणि इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला नव्या शब्दापुढे जशी वारंवार अडखळण्याची पाळी येते, तशी ती मराठी मुलावर क्वचितच येते. परंतु लिपीच्या या उपकारातच एक फसगत दडलेली आहे. मूल खडखडा वाचते, म्हणून गुरुजी संतुष्ट होतात, पालक कौतुक करतात आणि प्रगतिपुस्तकावर ‘वाचन उत्तम’ असा शेराही पडतो. वाचलेला मजकूर त्याच्या मनात कितपत उतरला, याची रुजवात मात्र कोणी घालीत नाही.

ती रुजवात उताऱ्याखालच्या प्रश्नांतून होते, असे कोणी म्हणेल. या म्हणण्यात तथ्य किती, हे पाहण्यासाठी पुढील निरर्थक वाक्य घ्यावे : ‘गुमळ टिंबूने सकाळीच खळपात तीन झुबरी फडसली.’ आता विचारा, झुबरी कोणी फडसली? टिंबूने. किती? तीन. कोठे? खळपात. केव्हा? सकाळीच. टिंबू कसा होता? गुमळ. पाचही उत्तरे बरोबर, पैकीच्या पैकी गुण, आणि अर्थबोध मात्र शून्य! विभक्तीचे प्रत्यय आणि वाक्यातील शब्दांचा क्रम एवढ्या भांडवलावर मराठी बोलणारे कोणतेही चलाख मूल ही परीक्षा उत्तीर्ण होईल. आपल्या वर्गांतून चालत आलेला शिरस्ता पाहिला, तर पुष्कळसे प्रश्न याच जातीचे आढळतात. आणि प्रश्नातील शब्द उताऱ्यात हुडकून त्याच्या अलीकडचे-पलीकडचे वाक्य वहीत उतरवायचे, ही युक्ती मुलांना शिकवावी लागत नाही, ती त्यांना आपसूकच साधते.

हा दोष केवळ आपल्याकडचाच आहे, असे नाही. अमेरिकेतील संशोधक डोलोरेस डर्किन यांनी चौथीच्या वर्गांत बसून वाचनाच्या तासांचे बारकाईने निरीक्षण केले आणि १९७८-७९ साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. वाचनाच्या अध्यापनाची ४,४६९ मिनिटे त्यांनी नोंदली. त्यांपैकी आकलन शिकवण्यात अवघी २० मिनिटे खर्ची पडली होती. उरलेल्या वेळाचा मोठा हिस्सा प्रश्न विचारणे, उत्तरे तपासणे आणि स्वाध्याय नेमून देणे यांत गेला होता. तात्पर्य, आकलनाची परीक्षा घेणे आणि आकलन शिकवणे या भिन्न गोष्टी असून पहिलीने दुसरीची जागा बळकावलेली आहे.

मग आकलन म्हणजे नेमके काय? फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ साली त्याची एक साधी मांडणी केली. छापील अक्षरांवरून शब्द ओळखण्याची शक्ती आणि कानांनी ऐकलेली भाषा समजण्याची शक्ती, यांचा गुणाकार म्हणजे आकलन. बेरीज नव्हे, गुणाकार. म्हणजे दोहोंपैकी एक शक्ती शून्य असेल, तर दुसरी कितीही मोठी असून फळ शून्यच. ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होत असलेल्या ‘असर’ पाहणीत मुलाकडून अक्षरे, शब्द, सोपा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचून घेतात. २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी ही गोष्ट वाचू शकणारी मुले निम्म्याहून किंचित कमीच भरली. उरलेल्या मुलांना अगोदर छापील शब्द ओळखण्याचेच साहाय्य हवे, हे उघड आहे. पण जी निम्मी मुले या पाहणीत वाचणारी म्हणून गणली गेली, त्यांची दुसरी शक्ती कितपत वाढली आहे, हा प्रश्न शिल्लक राहतोच. ५ जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारने सुरू केलेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजपूर्वक वाचता यावे, असे उद्दिष्ट ठरवून त्यासाठी २०२६-२७ ची मुदत घातली आहे. त्यातील ‘समजपूर्वक’ या अटीचा भार या दुसऱ्या शक्तीवरच आहे.

ही शक्ती शब्दसंग्रहावर पोसते आणि शब्दसंग्रह अनुभवावर. १९८८ साली डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी काही विद्यार्थ्यांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचावयास दिले. तेव्हा असे दिसले, की वाचनात कच्ची पण खेळाची माहितगार असलेली मुले, वाचनात पक्की पण खेळाविषयी अनभिज्ञ असलेल्या मुलांपेक्षा ते वर्णन अधिक चांगले समजून घेऊ शकली. हाच न्याय आपल्या वर्गाला लावून पाहावा. मळणी, खळे, पाणंद, बांध हे शब्द मुंबईच्या चाळीत वाढलेल्या मुलाला नुसते ध्वनी वाटतात. उलट मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी किंवा खानदेशात अहिराणी बोलणाऱ्या घरातून आलेल्या मुलाला जिना, लिफ्ट आणि लोकल यांनी भरलेला धडा तितकाच परका असतो. त्या मुलाची बुद्धी मंद नसते. पाठ्यपुस्तकाने गृहीत धरलेले जग त्याने पाहिलेले नसते, एवढेच. म्हणून उतारा हाती देण्यापूर्वी त्या विषयावर पाच मिनिटे गप्पा माराव्यात, एखादी वस्तू किंवा चित्र दाखवावे आणि अडचणीचे दोन-तीन शब्द मुलांच्या घरच्या बोलीचा आधार घेऊन उलगडावेत. ही तजवीज म्हणजे वेळेचा अपव्यय नव्हे. वाचनाचा आरंभ तेथेच होतो.

शब्द कळले तरी वाक्य कळतेच असे नाही. मराठी वाक्याचे काही आडपडदे मोठ्यांच्या ध्यानातही येत नाहीत. ‘रमाने सुमनला वही दिली तेव्हा ती रडत होती’ या वाक्यात रडणारी कोण? ‘घरी येऊन, हातपाय धुऊन, दिवा लावून बसला’ या वाक्यात कर्त्याचे नावच नाही. ते दोन वाक्ये मागे राहून गेलेले असते. ‘पण’, ‘म्हणून’, ‘तरीही’, ‘नाहीतर’ या छोट्या अव्ययांवर अर्थाची सगळी दिशा अवलंबून असते, आणि घाईने वाचणारे मूल नेमके त्यांच्यावरूनच घसरत जाते. याकरिता वाचता वाचता मध्येच थांबून ‘येथे ‘ती’ म्हणजे कोण?’, ‘हा ‘पण’ कशासाठी आला?’ असे विचारावे. मात्र प्रत्येक ओळीवर मुलाला अडवू नये. परिच्छेदामागे एखादा थांबा पुष्कळ झाला. त्याहून अधिक थांबे झाले, तर गोष्टीचा रस आटतो आणि रस आटला की लक्षही उडते.

आता प्रत्यक्ष सराव कसा घ्यावा, हे एका लहानशा उताऱ्यावरून पाहू. ‘आभाळ काळवंडले. आजीने अंगणातील खाटेवर वाळत घातलेले पापड घाईघाईने गोळा केले. शेजारच्या काकूंनी हाक मारली. पण आजीने मागे वळूनही पाहिले नाही.’ पापड कोठे वाळत होते, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर ओळीतच आहे आणि बुजऱ्या मुलाला बोलते करण्यापुरता तो ठीक आहे. आजीने घाई का केली, हा दुसरा प्रश्न. पाऊस हा शब्द उताऱ्यात कोठेही नाही. तो काळवंडलेले आभाळ, वाळवण आणि घाई या तीन खुणा जुळवून मुलाने स्वतः आणावयाचा आहे. आजी काकूंवर रागावली होती काय, हा तिसरा प्रश्न, आणि खरी गंमत येथे आहे. कोणी ‘हो’ म्हणेल, कोणी ‘नाही’. गुरुजींनी निकाल देण्याची घाई न करता दोघांनाही एकच विचारावे : ‘कशावरून?’ ‘हो’ म्हणणाऱ्याला वळूनही न पाहण्याचा आधार सापडेल, ‘नाही’ म्हणणाऱ्याला घाईचा. मग कोणता आधार अधिक भक्कम, यावर वर्गात वाद होईल आणि मुले कोणी न सांगता उतारा पुन्हा वाचतील. आकलनाच्या सरावाचे मर्म या ‘कशावरून?’मध्ये आहे, कारण त्या एका प्रश्नाने मूल उत्तराकडून पुन्हा मजकुराकडे वळते.

अ‍ॅनमरी पॅलिन्सार आणि अ‍ॅन ब्राउन यांनी १९८४ साली मांडलेली पद्धतही अशा संभाषणावरच उभी आहे. मजकूर वाचताना मुलांनी आळीपाळीने चार कामे करावयाची : पुढे काय येईल याचा अंदाज बांधणे, स्वतः प्रश्न तयार करणे, न कळलेली जागा उलगडणे आणि थोडक्यात सारांश सांगणे. आरंभी शिक्षक ही कामे मोठ्याने विचार करीत करून दाखवतात आणि मग हळूहळू अधिकार मुलांच्या स्वाधीन करतात. त्यांचे प्रयोग थोड्या मोठ्या मुलांवर झाले होते; तथापि तिसरी-चौथीच्या मुलांना चार चारांच्या गटात बसवून एकेक काम वाटून दिले, तर ही पद्धत आपल्या वर्गातही रुळू शकते. यांतील प्रश्न तयार करण्याचे काम विशेष गुणकारी आहे, कारण मजकूर समजल्यावाचून त्यावर चांगला प्रश्न सुचत नाही.

येथे एक पथ्य पाळणे अगत्याचे आहे. उत्तरे शक्य तितकी तोंडी घ्यावीत आणि ती मुलाच्या बोलीत आली तरी स्वीकारावीत. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका, हस्ताक्षर आणि पूर्ण वाक्यात उत्तर लिहिण्याची सक्ती यांच्या ओझ्याखाली अर्थ समजलेले मूलही नापास ठरते. शुद्धलेखनाची तपासणी जरूर व्हावी. पण ती दुसऱ्या तासाला.

घरच्या मंडळींनाही या कामात मोठा वाटा उचलता येतो आणि त्यासाठी त्यांनी साक्षर असलेच पाहिजे, असे नाही. मुलाने धडा वाचून तो आजीला आपल्या शब्दांत सांगावा आणि आजीने ‘मग पुढं काय झालं? त्यानं असं का केलं?’ असे विचारीत राहावे, याहून चांगला आकलनाचा स्वाध्याय शोधून सापडणार नाही. ज्यांना वाचता येते, त्यांनी मुलाच्या इयत्तेहून किंचित वरच्या पातळीचे पुस्तक त्याला मोठ्याने वाचून दाखवावे. ऐकण्याची समज वाढली, की गुणाकारातील दुसरी संख्या आपोआप वाढते. वाचनसामग्रीची वाण आपल्याकडे नाही. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून मराठी मुलांच्या हाती येत आहे, शिवाय एस.टी. स्थानकावरील वेळापत्रक, रेशन दुकानाचा फलक, बियाण्याच्या पिशवीवरील सूचना हाही वाचनाचाच मजकूर असून ‘शेवटची गाडी चुकली तर काय करशील?’ यासारखा प्रश्न त्यावर सहज विचारता येतो.

शिक्षकांना आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्या अधिकाऱ्यांना एवढीच विनंती आहे, की प्रत्येक उताऱ्याखाली निदान एक प्रश्न असा असावा, ज्याचे उत्तर कोणत्याही एका ओळीत सापडणार नाही. आणि प्रत्येक उत्तरामागे, ते बरोबर असले तरीही, ‘कशावरून?’ असे विचारण्याचा प्रघात पाडावा. यासाठी नवे पुस्तक लागत नाही, वेगळा निधी लागत नाही आणि कोणा वरिष्ठांच्या हुकुमाची वाट पाहण्याचेही कारण नाही. येत्या सोमवारच्या पहिल्या तासापासून हे सुरू करता येईल.