यंत्राची मुळाक्षरे

औषधाच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावरून गोळ्यांची पाकिटे एकामागून एक पुढे जात असतात. प्रत्येक पाकिटावर औषधाची मुदत संपण्याची तारीख छापलेली असते. तीतील एखादा आकडा चुकीचा उमटला, तर मुदत संपलेले औषध रोग्याच्या पोटात जाण्याचा संभव असतो. म्हणून प्रत्येक पाकिटावरील आकडे वाचून पाहावे लागतात. तेच तेच पाहून माणसाचे डोळे थकतात. यास्तव हे काम पुष्कळ ठिकाणी कॅमेरा व संगणक यांवर सोपविलेले असते.

परंतु यंत्र वाचते कसे? कॅमेऱ्याला अक्षर दिसत नाही. त्याला दिसतो तो केवळ काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा समूह. लहान मूल प्रथम शाळेत येते, तेव्हा त्याला मुळाक्षरे गिरवावी लागतात. यंत्रालाही तशीच मुळाक्षरे शिकवावी लागतात. या मुळाक्षरांना 'नमुना-संच' म्हणता येईल.

हा संच पुस्तकातील सुबक टाइपावरून तयार करून चालत नाही. कारखान्यातील छपाई पुष्कळदा शाईच्या बारीक थेंबांनी होते. तेथील आकडा कधी ठळक, कधी पुसट, तर कधी किंचित कललेला असतो. म्हणून ज्या पट्ट्यावर यंत्राला वाचावयाचे, त्याच पट्ट्यावरील प्रत्येक आकड्याचे अनेक नमुने गोळा करतात. मग जाणता मनुष्य प्रत्येक नमुन्याला त्याचे नाव देतो. येथे फार दक्षता लागते. तीनच्या नमुन्याला आठ हे नाव दिले, तर यंत्र तीच चूक मुकाट्याने पुढे चालवील.

'घ' आणि 'ध' ओळखताना लहान मुलांचा घोटाळा होतो. यंत्राचा तसाच घोटाळा शून्य आणि इंग्रजी 'ओ' यांच्यात होतो. त्यावर दोन उपाय आहेत. पहिला, अक्षरांचे वळणच निराळे ठेवावे. स्वित्झर्लंडचे आद्रियान फ्रुटिगर यांनी १९६८ साली यंत्राला आणि माणसाला सारखाच वाचता येईल असा 'ओसीआर-बी' हा टाइप तयार केला. पारपत्राच्या माहितीच्या पानावर तळाशी चव्वेचाळीस-चव्वेचाळीस चिन्हांच्या ज्या दोन ओळी असतात, त्या याच टाइपात छापतात. दुसरा उपाय, घोटाळ्याची अक्षरे वगळावी. मोटारीच्या सांगाड्यावरील १७ चिन्हांच्या क्रमांकात 'आय', 'ओ' आणि 'क्यू' ही अक्षरे वापरतच नाहीत.

संच तयार झाला, की यंत्राची परीक्षा होते. या परीक्षेत पूर्वी न दाखविलेले नमुने देतात. कारण पाठ केलेले म्हणून दाखविणे म्हणजे वाचता येणे नव्हे. समोरील आकडा कोणत्या नमुन्याशी किती जुळतो, हे यंत्र मोजते. हे साम्य ठरविलेल्या मर्यादेहून कमी भरले, तर यंत्राने अंदाज बांधावयाचा नसतो. ते पाकीट बाजूला काढावयाचे असते. मग माणूस ते पाकीट तपासतो. छपाईची पद्धत बदलली, तर नवे नमुने घेऊन यंत्राला पुन्हा शिकवावे लागते.

यंत्र किती वेगाने वाचते याचे आपणांस कौतुक वाटते. परंतु त्याचा खरा गुण निराळाच आहे. जे ओळखू आले नाही, ते ओळखू आले नाही असे ते सांगते. रोग्याचा जीव त्या प्रामाणिकपणावर अवलंबून असतो, आणि तो प्रामाणिकपणा त्याला शिकविणाऱ्या माणसाचा असतो.