एका डॉक्टरचे दुसऱ्या डॉक्टरला पत्र

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

हिंजवडीच्या राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानात नोकरी करणारी बरीच मंडळी लातूर, जळगाव, सोलापूरकडची. आईवडील गावी असतात. मोठे दुखणे निघाले की मुलाकडे येतात, शस्त्रक्रिया इकडे होते आणि पुढची देखभाल गावच्या डॉक्टरांकडे. या दोन डॉक्टरांची गाठ बहुधा कधीच पडत नाही. त्यांच्यातला दुवा म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीतली फाइल. ती एसटीत राहिली, की डोस वाढवला होता की कमी केला, हे सांगायला आजोबाच उरतात. ते सांगतात, "ती बारीक गोळी."

वॉरफरिनसारख्या औषधाच्या बाबतीत हे हसण्यावारी नेता येत नाही. त्याचा डोस रक्ततपासणीच्या आकड्यावर ठरतो. कमी पडला तर गुठळी, जास्त झाला तर रक्तस्राव. म्हणूनच आकडे लेखी पोहोचायला हवेत आणि त्यासाठी ई-मेल हे स्वस्त साधन आहे.

हा प्रयोग आपल्या शेजारीच झालेला आहे. इंग्लंडमधील लॉर्ड आणि लेडी स्विनफेन यांच्या न्यासाने १९९९ मध्ये बांगलादेशातील सावर येथील पुनर्वसन केंद्राला डिजिटल कॅमेरा दिला. तिथले डॉक्टर एक्स-रेचा फोटो काढून ई-मेलला जोडत आणि परदेशातले तज्ज्ञ सवडीने पाहून सल्ला देत. दोघांनी एकाच वेळी जागे असण्याची गरज नाही, ही खरी सोय.

धोकाही त्या 'सवडी'तच आहे. पाठवलेले पत्र वाचले गेलेच, असे समजता येत नाही. छातीत दुखणाऱ्या रुग्णासाठी ई-मेल नव्हे, फोनच करायचा.

दुसरा प्रश्न गुप्ततेचा. पत्राची एक प्रत पाठवणाऱ्याकडे राहते, एक घेणाऱ्याकडे. स्वागतकक्षातल्या चौघांना एकच पासवर्ड ठाऊक असेल, तर तो अहवाल चौघांचा झाला. पत्ता टाइप करताना संगणक स्वतःच नाव सुचवतो आणि कुलकर्णी नावाचे डॉक्टर काही एकटे नसतात! विषयाच्या ओळीत रुग्णाचे नाव किंवा आजार लिहू नये. आतल्या अहवालावर मात्र नाव, वय, तारीख हवीच, नाहीतर तो भलत्याच रुग्णाला चिकटतो. अहवालाला पासवर्ड लावावा आणि तो फोनवर कळवावा. सीटी स्कॅनच्या मूळ चित्रांच्या फाइली मोठ्या असतात, साध्या ई-मेलमध्ये सहसा मावत नाहीत. त्यांची सीडी किंवा सुरक्षित दुवा बरा.

सल्ला चुकला तर जबाबदार कोण? २५ मार्च २०२० च्या दूरवैद्यक मार्गदर्शक सूचनांत याचे उत्तर आहे. त्यांत ई-मेलचाही समावेश आहे. दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला घेतला, तरी उपचाराची जबाबदारी विचारणाऱ्या डॉक्टरचीच राहते. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही संमत झाला. रुग्णाच्या संमतीने नोंदी पाहता याव्यात म्हणून आयुष्मान भारत डिजिटल मिशन २०२१ मध्ये देशभर सुरू झाले. पण त्यासाठी दोन्ही दवाखाने त्या व्यवस्थेला जोडलेले हवेत.

हिंजवडीत परदेशी रुग्णालयांसाठी संगणकप्रणाली तयार होतात. रुग्णाच्या माहितीविषयीचा अमेरिकेचा १९९६ चा कायदा ते काम करणाऱ्यांना पाठ असतो. त्यांच्याच वडिलांचा अहवाल मात्र नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरत असतो, हे जरा विचित्रच.

रुग्णाला घरी सोडताना गावच्या डॉक्टरांचा ई-मेल पत्ता आणि फोन नंबर स्वच्छ अक्षरांत लिहून द्यावा. कोणते औषध बंद केले, कोणते बदलले आणि पुढची तपासणी कधी, एवढे त्या पत्रात लिहिण्याची विनंती करावी. गावच्या डॉक्टरांनी उलट 'मिळाले' एवढे कळवले तरी पुरे. दोन दिवसांत तेही आले नाही, तर फोन करावा. कागदाची फाइल बरोबर असू द्यावीच. गावात वीज गेली, की तीच उघडते.