अंडी सारखी, कृमी वेगळे

लाओस आणि ईशान्य थायलंडमध्ये गोड्या पाण्यातली मासळी बारीक चिरून, लिंबू-मिरची लावून कच्चीच खातात. ‘कोई प्ला’ हा तिथला आवडीचा पदार्थ. अशा मासळीच्या मांसात दडलेल्या पर्णकृमींच्या अळ्या पोटात जातात. हॅप्लॉर्किस तैचुईसारखे कृमी लहान आतड्यात वाढतात आणि पोटदुखी, जुलाब यांचा त्रास देतात. ऑपिस्थॉर्किस व्हिव्हेरिनी मात्र पित्तनलिकांत ठाण मांडतो, आणि वर्षानुवर्षे राहिला तर तिथे कर्करोग होऊ शकतो. म्हणूनच पोटात नेमका कोणता कृमी आहे, हे कळायला हवे.

गावोगावच्या तपासणीत काटो-काट्झ पद्धत वापरतात. जाळीतून गाळलेली विष्ठा साच्याच्या भोकात भरतात. त्यात सुमारे ४१.७ मिलिग्रॅम मावते. काचपट्टीवरच्या या ठिपक्यावर ग्लिसरीनमध्ये भिजवलेला सेलोफेनचा तुकडा दाबून बसवला, की थर हळूहळू पारदर्शक होतो आणि अंडी दिसू लागतात. मोजलेल्या अंड्यांना २४ ने गुणले, की एका ग्रॅममधली संख्या मिळते. संसर्ग सौम्य असेल तर अंडी हुकतात, त्यामुळे वेगवेगळ्या दिवशीचे नमुने तपासावे लागतात.

खरी अडचण पुढेच आहे. दोन्ही कृमींची अंडी झाकण असलेली, पिवळसर तपकिरी आणि जेमतेम २५ ते ३० मायक्रोमीटर लांब असतात. ऑपिस्थॉर्किसच्या अंड्याला झाकणाजवळ ठळक खांदे असतात आणि त्याचे कवच खडबडीत असते. पण काटोच्या पट्टीवर हा फरक सरावलेल्या नजरेलाही चकवतो.

खात्री हवी असेल तर कृमीच हाती लागावा लागतो. रुग्णाला प्राझिक्वांटेल हे कृमिनाशक औषध देऊन नंतर मॅग्नेशियम सल्फेटचा जुलाब देतात. पडलेली सगळी विष्ठा पाणी निवळेपर्यंत पुन्हा पुन्हा धुतात आणि तळाचा गाळ सूक्ष्मदर्शकाखाली चाळतात. ऑपिस्थॉर्किस साधारण ७ मिलिमीटर लांब, तर हॅप्लॉर्किस १ मिलिमीटरहूनही लहान. त्याच्या पोटाकडच्या चूषकावर काट्यांची रांग दिसते. लाओसमध्ये अशा शोधातून, ऑपिस्थॉर्किसची समजली गेलेली बरीच अंडी हॅप्लॉर्किसची असल्याचे आढळले. विष्ठेतल्या डीएनएची पीसीआर चाचणीही हा निवाडा करते, पण तिला सुसज्ज प्रयोगशाळा लागते.

दोन्ही कृमींवर प्राझिक्वांटेल हेच औषध चालते. मात्र औषधाने बरा झालेला माणूस पुन्हा कच्ची मासळी खाऊ लागला, तर संसर्ग पुन्हा होतो. मासळी पूर्ण शिजवून खाणे, हाच त्यावरचा खात्रीचा उपाय आहे.