मुख्याध्यापकाची खरी जागा

पालक या नात्यानें आपण शाळेंत जातां तेव्हां मुख्याध्यापक आपणांस कोठें भेटतात? बहुधा कचेरींत. मेजावर फायलींची चळत, दाराशीं हजेरीपट घेऊन उभा असलेला कारकून, बांकावर दाखल्यासाठीं खोळंबलेलीं माणसें, आणि टेलिफोनवर कोणी वरिष्ठ अधिकारी. केवढा हा कामाचा व्याप, असें आपल्या मनांत येतें. व्याप खराच, परंतु ज्या कामासाठीं ही जागा निर्माण झाली, तें काम या व्यापांत कितपत घडतें, याचा आज विचार करावयाचा आहे.

तें काम म्हणजे वर्गांतील शिकवणें दिवसेंदिवस अधिक चांगलें होईल असें पाहणें. मूल शाळेंत जें कांहीं मिळवितें, तें बव्हंशीं शिक्षकाच्या हातून मिळवितें. म्हणून मुख्याध्यापकाची कर्तबगारी दिसावयाची ती आपल्या शिक्षकांच्या द्वारेंच.

‘मी रोज शाळेंतून फेरी मारतों’, असें पुष्कळ मुख्याध्यापक अभिमानानें सांगतात. फेरीनें शिस्त राहते, गैरहजेरी कळते, हें नाकारण्याचें कारण नाहीं. पण फेरी म्हणजे मार्गदर्शन नव्हे. अमेरिकेंत मायामी-डेड या विस्तीर्ण शिक्षण-विभागांत संशोधकांनीं सुमारें १०० मुख्याध्यापकांबरोबर दिवसभर राहून त्यांचा वेळ कसा जातो याचीं टिपणें केलीं. ग्रिसम, लोब आणि मास्टर या तिघांनीं २०१३ सालीं त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अध्यापनाशीं संबंध असलेल्या कामास मुख्याध्यापकांचा जेमतेम आठवा हिस्सा वेळ मिळत होता, आणि त्यांतहि मोठा वांटा वर्गांत क्षणभर डोकावून जाण्याचा होता. जेथें शिक्षकाजवळ बसून त्याला मार्गदर्शन करण्यास अधिक वेळ दिला जाई, तेथें मुलांची प्रगति अधिक दिसली. जेथें नुसत्या फेऱ्याच अधिक, तेथें ती उलट कमी आढळली. एवढ्यावरून फेरीनेंच प्रगति खुंटली असें म्हणतां येणार नाहीं. पण फेरीवर विसंबून राहूं नये, इतकें खास म्हणतां येईल.

मग करावें काय? पहिली गोष्ट, वेळ राखून ठेवणें. शिक्षकाचे तास जसे वेळापत्रकांत असतात, तसे मुख्याध्यापकानें आठवड्यांतून निदान तीन तास वर्ग पाहण्यासाठीं वेळापत्रकांतच घालावे, आणि त्या वेळीं भेटीस आलेल्यांना थांबावयास सांगण्याचा अधिकार कारकुनास द्यावा. ‘सवड मिळाली कीं जाईन’ म्हणणाऱ्यास सवड कधींच मिळत नाहीं.

दुसरी गोष्ट, पाहण्याची रीत. शिक्षकास आधीं कळवून जावें व पूर्ण तास बसावें. नजर फळ्यापेक्षां मुलांवर ठेवावी. मागच्या बांकावरचा मुलगा काय लिहितो? प्रश्नाचें उत्तर नेहमीं त्याच चार हुशार मुलांकडून येतें काय? चुकलेल्या उत्तराचें शिक्षक काय करतो? ही नोंद त्याच दिवशीं शिक्षकासमोर ठेवावी. प्रथम त्याला बोलूं द्यावें, नंतर सुधारणेची एकच गोष्ट सुचवावी, आणि पंधरवड्याच्या आंत पुन्हां तोच वर्ग पाहावा. एका दमांत दहा दोष सांगितले, तर नव्या शिक्षकाच्या हातीं घाबरण्यापलीकडे कांहीं लागत नाहीं.

तिसरी गोष्ट फार नाजूक आहे. हें टिपण आणि शिक्षकाच्या नोकरीविषयींचा गोपनीय अहवाल यांची सरमिसळ होऊं देऊं नये. आपली अडचण उद्यां आपल्याविरुद्ध पुरावा होईल अशी ज्याला भीति वाटते, तो आपली अडचण सांगतच नाहीं. मुख्याध्यापक आले कीं तो तयार करून ठेवलेला नमुन्याचा पाठ घेतो. आणि ते गेल्यावर नेहमींचा तास नेहमींसारखाच चालतो.

चौथी गोष्ट, स्वतः शिकवीत राहणें व शिकत राहणें. न्यूझीलंडच्या व्हिव्हियन रॉबिन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००८ सालीं पूर्वीच्या अनेक संशोधनांचा एकत्र विचार केला. शिक्षकांच्या शिकण्याला प्रोत्साहन देऊन जो प्रमुख स्वतः त्यांच्याबरोबर शिकावयास बसतो, त्याच्या शाळेंत मुलांचा लाभ सर्वांत अधिक, असें त्यांना आढळलें. आपल्याकडे याचें उदाहरण जुनें आहे. १८८० सालीं पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल निघालें, त्याची धुरा वाहतांवाहतांच वामन शिवराम आपटे यांनीं संस्कृत रचना शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीं ग्रंथ लिहिला, आणि पुढें १८९० सालीं आपला प्रसिद्ध संस्कृत-इंग्रजी कोश सिद्ध केला. शाळेचा कारभार आणि विषयाचा व्यासंग या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहींत. आजच्या मुख्याध्यापकानें एखादा तरी वर्ग स्वतःकडे ठेवावा, आणि आपलाच तास पाहावयास इतर शिक्षकांना बोलवावें. आपला पाठ दुसऱ्यांच्या टीकेस मोकळा ठेवणाऱ्याची सूचना शिक्षक अधिक मोकळ्या मनानें ऐकतात.

आतां आपल्याकडे, म्हणजे पालकांकडे वळूं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानें सरकारी व अनुदानित शाळांना व्यवस्थापन समिति नेमावयास लावली. तिच्यांत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे, आणि एकंदर सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्या, असा नियम आहे. छपराची दुरुस्ती, पाण्याची सोय, खर्चाची पाहणी अशा कामांत या समितीनें खरोखर हात लावला, तर मुख्याध्यापकाच्या डोक्यावरचा भार हलका होईल. मात्र आपण त्यांच्याकडे मागणी कशाची करतों, यावरहि पुष्कळ अवलंबून आहे. दहावीचा निकाल किती लागला, हें आपण हटकून विचारतों. पुढच्या वेळीं मुख्याध्यापक किंवा मुख्याध्यापिका भेटल्या, तर आदरपूर्वक एवढेंच विचारावें: ‘गेल्या आठवड्यांत आपण कोणत्या वर्गांत पूर्ण तास बसलांत?’ हा प्रश्न वारंवार कानीं पडूं लागला, तर कचेरीबाहेर पडण्यास त्यांना आपलें पाठबळच मिळेल.