सामरी, तू सॉलिड आहेस!

शुक्रवारची रात्र, चार-पाच टाळकी, चिवड्याचं पातेलं आणि लाइट बंद. अशा वेळी लावायचा तर रामसेंचाच सिनेमा! हॉलिवूडची चकाचक भुतं बघून आपण दचकतो, पण शिट्टी मारावीशी काही वाटत नाही. ती वाटते १९८४च्या ‘पुराना मंदिर’मधला सामरी बघून. मुंडकं पेटीत बंद, धड भलतीकडेच पुरलेलं, तरी पठ्ठ्याचा शाप पिढ्यान् पिढ्या चालूच. त्यात मधेच जगदीपची ‘शोले’छाप कॉमेडी. कशाचा कशाला पत्ता नाही!

‘इतका वाईट की भारी’ असं म्हणून हे सिनेमे बघायची एक फॅशन आहे. मला ती अर्धवट वाटते. कारण इथली भीती अक्षरशः घरगुती आहे. एफ. यू. रामसे यांचा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ (१९७०) आपटला. पण भयानक मुखवटा घालून चोरी करणाऱ्या पृथ्वीराज कपूरच्या सीनला पब्लिक खूश होतं, हे पोरांनी बरोब्बर हेरलं. मग १९७२चा ‘दो गज ज़मीन के नीचे’. अख्खं खानदान बसमध्ये घालून महाबळेश्वरला नेलं. तुलसी आणि श्याम डायरेक्टर, गंगू कॅमेऱ्यावर, किरण साउंडला. स्टार नाहीत, पैसा नाही. मग काय, धूर सोडा, लाल-हिरवे लाइट मारा, दार करकरवा! ‘वीराना’ (१९८८) आवाज बंद करून बघा. त्या लाइटिंगपुढे हसू आपोआप थांबतं.

आणि सामरी? तो साकारणारे अनिरुद्ध अगरवाल रुरकीत शिकलेले सिव्हिल इंजिनीअर. म्हणजे तुमच्या क्युबिकलमधलाच कुणीतरी! १९९०च्या ‘बंद दरवाज़ा’तला नेवलाही तेच. रबर, रंग, खोटे दात यांवर खुशाल हसा. पण त्यांच्या बाबतीत मेकअपमनला फार राबावं लागलं नसावं. उंची आणि चेहरा मूळचाच. आपण नक्की कशाला हसतोय, हे मला तिथे दर वेळी टोचतं. कारण तो माणूस एकदाही टाइमपास करत नाही. डायलॉग जवळपास नाहीत, नुसता चालत येतो. आणि बाजूची मैत्रीण, जी आत्तापर्यंत खिदळत असते, ती हळूच पाय वर घेऊन बसते.