मुरुमं आणि कपाळावरचं खोबरेल
कर्ली नदीकाठच्या वालावलात हवा इतकी दमट की घाम सुकतच नाही, म्हणून मुरुमांचा दोष घामावर जातो. मूळ वेगळं आहे. वयात येताना ॲन्ड्रोजेन संप्रेरकं वाढतात, त्वचेतल्या तैलग्रंथी जादा तेल सोडतात, मृत पेशींनी रंध्राचं तोंड बुजतं आणि आत क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा जिवाणू वाढतो. मग सूज, पू. ‘रक्त खराब झालंय’ ही समजूत सोडूनच द्यावी.

खोबरेल मात्र तपासावं. केसांना ते चांगलं, पण कपाळावर ओघळलं की रंध्रं बुजवू शकतं. केसांच्या कडेने बारीक पुळ्या आल्या तर आधी तेलाकडे बघावं.

चेहरा दिवसातून 2 वेळा सौम्य फेसवॉशने धुवावा, खसाखसा घासू नये. बेन्झॉइल पेरॉक्साइड, ॲडापॅलीन ही कामाची औषधं. गुण यायला 6 ते 8 आठवडे लागतात, आणि गरोदरपणी ॲडापॅलीन टाळतात. गाठी झाल्या, खड्डे पडू लागले तर त्वचारोगतज्ज्ञच गाठावा. सर्वांत वाईट म्हणजे गोरेपणासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली स्टिरॉइडची मलमं: सुरुवातीला चेहरा उजळतो, बंद केली की मुरुमं उसळून येतात.